दोन बशा

लोहचुंबकाचा एखादा तुकडा घरात आला, की त्या दिवशी टाचण्या, सुया, दाभण, कुलपाच्या किल्ल्या यांपैकी कशाचीच धडगत राहत नाही. कागदाखालून चुंबक फिरवावा आणि कागदावरच्या लोहकिसाने जिवंत झाल्यासारख्या रांगा धराव्या, हा खेळ कितीही वेळा पाहिला तरी शिळा होत नाही. हात न लावता वस्तू हलते, यातच त्याची सारी मोहिनी आहे. परंतु तोच चुंबक तळहातावर ठेवला, तर तळहाताला वजनावाचून दुसरे काही जाणवत नाही. तुळशीच्या पानाजवळ नेला, तर पान ढिम्म हलत नाही. रक्तात लोह असते, असे पुस्तकात वाचलेले असते. मग रक्त चुंबकाकडे का धावत नाही, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाला पडतोच. त्याचे उत्तर असे, की रक्तातले लोह खिळ्यातल्या लोहासारखे एकवटलेले नसते. त्याचा एकेक अणू हिमोग्लोबिनच्या मोठ्या रेणूत गुंतून पडलेला असतो, आणि अशा विखुरलेल्या अणूंवर साध्या चुंबकाची मात्रा चालत नाही.

मग सजीव देह चुंबकाला मुळीच दाद देत नाही, असे समजावे काय? तसेही म्हणता येत नाही. १९७५ मध्ये रिचर्ड ब्लेकमोर नावाच्या अमेरिकन संशोधकाने दलदलीच्या चिखलातल्या जिवाणूंची एक विलक्षण हकीगत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात हे जिवाणू नेहमी एकाच बाजूला, उत्तरेकडे, पोहत जात. चुंबक जवळ आणला, की त्यांचा सारा तांडा दिशा बदलून वळे. पुढे कळले, की त्यांच्या इवल्याशा देहात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या कणांची माळच ओवलेली असते. ज्या प्राण्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, ज्याचे सारे शरीर म्हणजे एक पेशी, तो होकायंत्र पोटात घेऊन हिंडतो! निसर्गाच्या कारखान्यात कोणती वस्तू कोणाच्या पदरात पडेल, याचा नेम नाही.

परंतु मनुष्याच्या पेशीचे काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नाही. १९७९ मध्ये नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर या दोघांनी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या परिसरातील मुलांविषयी एक निबंध लिहिला. विजेचा मोठा प्रवाह वाहून नेणाऱ्या तारांजवळ ज्यांची घरे होती, त्या मुलांत कर्करोगाने दगावणाऱ्यांचे प्रमाण अधिक दिसते, असे त्यात म्हटले होते. तारेतून प्रवाह गेला, की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० मध्येच दाखवून दिले होते. आणि विजेच्या तारा तर आता गावोगाव, घरोघर पोहोचल्या होत्या. साहजिकच आईबापांच्या मनात भीती शिरली. घरातले हे क्षेत्र बहुधा एका मायक्रोटेस्लाहूनही कमी असते. उलट पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र महाराष्ट्रात ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असते. मात्र पृथ्वीचे क्षेत्र स्थिर असते, आणि घरातल्या विजेचे क्षेत्र भारतात एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे झोके घेते. या झोक्यांनी पेशी बिघडतात की नाही? ‘हो’ म्हणावे, तर लाखो घरांत विनाकारण घबराट पसरायची. ‘नाही’ म्हणावे आणि ते खोटे ठरावे, तर त्याचे मोल मुलांनी द्यायचे. अशा प्रश्नाचे उत्तर तर्काने देता येत नाही. एका बशीत पेशी वाढवाव्यात, त्यांना ठरावीक क्षेत्रात ठेवावे, आणि काय होते ते पाहावे, हा एक मार्ग.

ऐकायला हे अगदी सोपे वाटते. प्रयोगशाळेतल्या त्या उथळ, झाकणाच्या काचेच्या बशीला १८८७ पासून रिचर्ड पेट्री या जर्मन वैद्याचे नाव चिकटले आहे. आजच्या बशा प्लॅस्टिकच्याही असतात. मनुष्याच्या पेशी तीत पोषक द्रवात बुडवून ठेवतात आणि ती बशी उबवणपेटीत ३७ अंश सेल्सिअस तापमानात सांभाळतात. कारण पेशीला आपण देहाबाहेर आलो आहोत, याची चाहूल लागता कामा नये. आता तिच्याजवळ एक चुंबक ठेवला की झाले, असे कोणालाही वाटेल. येथेच पहिली अडचण उभी राहते. चुंबकाचा प्रभाव जवळ फार आणि दूर थोडा असतो. बशीच्या एका कडेच्या पेशींना त्याचा मारा बसावा आणि दुसऱ्या कडेच्या पेशींना त्याची वार्ताही नसावी, असे झाले तर त्या प्रयोगातून कोणी काय शिकावे? बशीतल्या प्रत्येक पेशीला सारखेच क्षेत्र मिळाले पाहिजे.

यावरचा तोडगा हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. तारेची दोन सारखी गोल वेटोळी घ्यावीत. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना कुंतल म्हणतात. ती एकमेकांसमोर उभी करावीत, आणि दोहोंमधले अंतर बरोबर वेटोळ्याच्या त्रिज्येइतके ठेवावे. ओसरीच्या दोन टोकांना दोन कंदील टांगले, तर एकाचा उजेड जेथे मंदावतो, तेथे दुसऱ्याचा वाढत जातो. वेटोळ्यांचेही तसेच. ती फार दूर नेली, तर मध्ये खळगा पडतो. फार जवळ आणली, तर मध्ये उंचवटा होतो. त्रिज्येइतके अंतर ठेवले, की मधला भाग मैदानासारखा सपाट होतो. १० सेंटीमीटर त्रिज्येची, प्रत्येकी १०० वेढ्यांची दोन वेटोळी घेतली आणि त्यांतून १ अँपिअर प्रवाह सोडला, तर मध्यभागी सुमारे ९०० मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ वीसपट. आणि मध्यापासून ३ सेंटीमीटर अंतरापर्यंत त्यात शेकडा एकाहून अधिक फरक पडत नाही. ६ सेंटीमीटर व्यासाची बशी तेथे ऐसपैस बसते. गणित आणि तांब्याची तार यांच्या बळावर माणसाने रिकाम्या जागेत एक अदृश्य पाट मांडला, असेच म्हणायचे!

बशी त्या पाटावर कशी ठेवावी, हेही पाहावे लागते. क्षेत्र झोके घेऊ लागले, की द्रवात आपोआप थोडी वीजही निर्माण होते. हा फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेला नियम आहे. क्षेत्र वरून खाली जाणारे असेल, तर या विजेला फिरायला बशीभर वर्तुळ मिळते, आणि ती कडेला सर्वांत अधिक, मध्यावर नाहीशी होते. तेच क्षेत्र आडवे असेल, तर तिला द्रवाच्या उथळ थरातच फिरावे लागते, म्हणून ती फार क्षीण राहते. पेशीत फरक पडलाच, तर तो चुंबकत्वाने पडला की विजेने, हे सांगायचे असेल, तर बशीची आणि वेटोळ्यांची दिशा आधीच विचार करून ठरवावी लागते.

येथवर झाले ते क्षेत्र निर्माण करण्याचे काम. ते अवघड असले, तरी खरी कसोटी पुढेच आहे. क्षेत्राखेरीज दुसरे काहीही निर्माण होऊ न देणे, हे त्याहून कितीतरी कठीण आहे.

पहिला चोर म्हणजे उष्णता. वर सांगितलेल्या दोन वेटोळ्यांत मिळून १२५ मीटरहून अधिक तार लागते. ती १ मिलिमीटर जाडीची असेल, तर १ अँपिअर प्रवाहाने तीत सुमारे ३ वॅट उष्णता उत्पन्न होते. ३ वॅट म्हणजे काहीच नाही, असे मोकळ्या हवेत म्हणता येईल. बंद उबवणपेटीत म्हणता येणार नाही. पेशी उष्णतेच्या बाबतीत मोठ्या हळव्या असतात. तापमान थोडे चढले, की त्यांचा सारा कारभार बदलतो. स्वतःच्या बचावासाठी त्या वेगळी प्रथिने बनवू लागतात. अशा वेळी संशोधकाने सूक्ष्मदर्शकातून पाहावे आणि “चुंबकाने पेशी बदलल्या!” म्हणून आनंदाने ओरडावे, बदलल्या मात्र त्या उकाड्याने!

तुलनेसाठी म्हणून दुसरी बशी लागतेच. तिच्यातल्या पेशी त्याच, द्रव तोच, पेटी तीच. फक्त तिला चुंबकीय क्षेत्र नाही. परंतु ती बशी वेटोळ्यांशिवाय नुसतीच फळीवर ठेवली, तर तिला ऊबही मिळणार नाही. मग दोन बशांत दोन फरक झाले, आणि परिणाम कोणत्या फरकाचा, हे सांगण्याची सोय राहिली नाही. वेटोळी ठेवून त्यांतला प्रवाह बंद केला, तरी तीच गत. क्षेत्र नाही, पण ऊब आहे, असे वेटोळे कोठून आणावे?

याचे उत्तर इतके साधे आहे, की ऐकणाऱ्याला हसू यावे. वेटोळे एका तारेचे न करता दोन तारा शेजारी शेजारी धरून, पेडाच्या दोरीसारख्या बरोबरीने गुंडाळाव्यात. १०० वेढे हवे असतील, तर प्रत्येक तारेचे ५० वेढे घ्यावेत. दोन्ही तारांतून प्रवाह एकाच दिशेने सोडला, की त्यांची क्षेत्रे एकमेकांत मिळून पूर्ण क्षेत्र तयार होते. एका तारेतला प्रवाह उलटा केला, की एकीने जे निर्माण करावे, ते दुसरीने तेथल्या तेथे पुसून टाकावे, बेरीज शून्य. परंतु तार तापते ती प्रवाह कोणत्या दिशेने गेला हे पाहून नव्हे. दोन्ही वेळी उष्णता तेवढीच. क्षेत्र आहे की नाही, एवढाच काय तो फरक, आणि तो एका बटणावर आणून ठेवलेला. जोसेफ किर्शव्हिंक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९२ मध्ये अशा दुहेरी वेटोळ्यांचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला. मोठमोठ्या यंत्रांचे कौतुक सर्वच करतात. परंतु काहीही न करणारी वस्तू काळजीपूर्वक बनवण्यातही मोठी बुद्धी लागते, हे या दोन तारांकडे पाहून पटते.

दुसरा चोर पेटीतच दडलेला असतो. उबवणपेटीत हवा खेळवण्यासाठी पंखा असतो, ऊब देण्यासाठी विजेच्या तारा असतात, आणि पेटीच्या घडणीत पोलादाचे भाग असतात. या प्रत्येकाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे दिसले, की एकाच पेटीत काही सेंटीमीटर अंतरावर हे क्षेत्र बरेच बदलते. म्हणजे वरच्या फळीवरची बशी आणि खालच्या फळीवरची बशी, दोघी एका घरात राहूनही वेगवेगळ्या मुलुखांत नांदत असतात. ज्या प्रयोगांचा चुंबकाशी काही संबंध नाही असे लोक समजत होते, तेथेही तो न बोलावता हजर होताच. म्हणून वेटोळी आणि बशा म्यू-मेटल नावाच्या, निकेल व लोखंडाच्या मिश्रधातूच्या डब्यात ठेवतात. बाहेरचे क्षेत्र त्या धातूच्या भिंतींतूनच वळून जाते, आत फारसे शिरत नाही. आतला सांगाडा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा करतात. स्क्रू पितळेचे. लोखंडाचा चिमटा आत विसरला, तर तो दिवस फुकट!

चुंबकीय मोजमापातला हा सोवळेपणा महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले, तेव्हा तेथल्या शास्त्रज्ञांना काळजी पडली, की त्या प्रवाहाने वेधशाळेच्या सुया बहकतील. डॉक्टर नानाभाई मूस हे त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते. समुद्रापलीकडे अलिबाग येथे जागा निवडण्यात आली, आणि ज्यात लोखंड नाही, अशी पोरबंदरी दगडाची इमारत तेथे बांधण्यात आली. १९०४ मध्ये अलिबागेचे काम सुरू झाले. परंतु कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी मोजणी एकाच वेळी चालू ठेवली. असे केले नसते, तर आकड्यांत दिसणारा फरक पृथ्वीचा की जागेचा, हे पुढच्या पिढ्यांना कसे कळले असते? मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. तोवर सुया सुरक्षित जागी पोहोचल्या होत्या. अलिबागची वेधशाळा आजही आपले काम करीत आहे. बशीतल्या पेशींसाठी डबा बनवणारा कारागीर आणि समुद्रापार वेधशाळा हलवणारे ते शास्त्रज्ञ हे एकाच पंथाचे वारकरी म्हणायला हरकत नाही.

आणखी एक बारीकसा चोर आहे. झोके घेणाऱ्या प्रवाहाने वेटोळे किंचित थरथरते. रोहित्राजवळ उभे राहिले, की जो घुमल्यासारखा आवाज येतो, तो अशाच थरथरीचा. ही थरथर बशीपर्यंत पोहोचली, तर पेशी हिंदकळतात. म्हणून तारा राळेने घट्ट बसवतात, आणि बशीचा आधार वेटोळ्याला न लावता वेगळा उभा करतात.

हे सर्व चोर पकडले, तरी एक उरतोच, आणि तो पेटीत नसून पेटीबाहेर, खुर्चीवर बसलेला असतो. तो म्हणजे पाहणारा. अमुक बशीला क्षेत्र दिले आहे, हे ठाऊक असले, की डोळे त्या बशीत काहीतरी शोधू लागतात. यात लबाडी नसते. मनाची ओढच तशी असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव न लिहिता आसनक्रमांक लिहितात, तो परीक्षक अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक येथे तयार झालेले आणि २००४ मध्ये ज्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, ते उपकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून हाती घेतलेल्या कामासाठी ते बनवले होते. एकाच उबवणपेटीत सारखे दोन डबे. दोहोंत दुहेरी तारांची वेटोळी. कोणत्या डब्यात क्षेत्र द्यायचे आणि कोणत्यात नाही, हे संगणकाने परस्पर ठरवायचे, आणि पेशी पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. निकाल लिहून झाला, की मगच गुपित उघडायचे.

एवढ्या खटाटोपाची गरज होती काय? जे घडले, ते पाहिले म्हणजे संशय राहत नाही. १९८०च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या काही संशोधकांचे म्हणणे असे होते, की क्षीण चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या मानवी पेशींत काही जनुकांचे काम वाढते. वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला. १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या संशोधकांनी ते प्रयोग पुन्हा केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटानेही केले. दोघांनाही तो परिणाम आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये विजेच्या तारांभोवतालच्या अशा क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले, ते मुख्यतः मुलांच्या आजारांच्या पाहणीवरून. बशीतल्या पेशींनी काही निश्चित साक्ष दिली म्हणून नव्हे. ‘कदाचित’ हा शब्द ऐकायला बरा वाटत नाही. परंतु हाती तेवढेच असेल, तर तेवढेच सांगावे, यात कमीपणा कसला?

उलट २०२१ मध्ये तोक्यो विद्यापीठातल्या दोघा संशोधकांना बशीत खरोखरच काही दिसले. त्यांच्या पेशी ‘हेला’ या नावाच्या होत्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या देहातून, तिची अनुमती न विचारता घेतलेल्या पेशींचा तो वंश. ती बिचारी त्याच वर्षी वारली, पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत अद्याप वाढत आहेत. या पेशींवर निळा प्रकाश टाकला, की त्या स्वतःच मंदपणे चकाकतात. त्यांत कोणताही रंग घालावा लागत नाही. तोक्योच्या संशोधकांनी पृथ्वीच्या क्षेत्राहून पुष्कळ प्रबळ असे क्षेत्र दर चार सेकंदांनी त्यांवरून फिरवले. प्रत्येक वेळी ती चकाकी सुमारे ३.५ टक्क्यांनी मंद झाली आणि पुन्हा पूर्ववत् झाली. यावरून पेशींना इजा होते, असे मुळीच सिद्ध होत नाही. परंतु जिवंत पेशीच्या आतली रसायने चुंबकाला ओळख देतात, एवढे डोळ्यांना दिसले. शंभरात साडेतीन! पेटीतला पंखा, तारेची ऊब आणि पाहणाऱ्याची उमेद यांचा गोंगाट आधी थांबवला नसता, तर एवढी हलकी कुजबूज कोणाला ऐकू आली असती?

उपकरण बांधून तयार झाले, की घाईघाईने क्षेत्र सुरू करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. जाणता संशोधक तसे करीत नाही. तेल घ्यायला नेलेल्या भांड्याचा वाणी आधी धडा करतो. भांड्याचे वजन दुसऱ्या पारड्यात टाकून काटा मधोमध आणतो, मगच तेल ओततो. तसाच धडा येथेही करावा लागतो. दोन्ही डब्यांत बशा ठेवतात आणि दोन्हीकडे तारांतले प्रवाह परस्परविरुद्ध सोडतात. ऊब आहे, थरथर आहे, डब्यांना क्रमांक आहेत, गुपितही आहे; फक्त क्षेत्र कोठेच नाही. दोन्ही बशांतल्या पेशी मोजायच्या, आणि त्या सारख्या निघाल्या पाहिजेत. निघाल्या नाहीत, तर सारे डबे खोलायचे, पंखा तपासायचा, स्क्रू तपासायचे, आणि पहिल्यापासून आरंभ करायचा. कधी या कामात आठवडे जातात. या सर्व दिवसांत वहीत एकच नोंद असते: डबा १ आणि डबा २, फरक नाही. ती नोंद पुरेशा वेळा लिहून झाली, की एके दिवशी सकाळी ताज्या पेशींच्या दोन बशा आत जातात, झाकणे बसतात, आणि कोणत्या डब्यात क्षेत्र द्यायचे, हे संगणक मनाशी ठरवतो.